सावजांच्या मागावर

"सिंह पाहाले चालली का सिंहाशी लगन लावाले?" असं माझ्या सख्ख्या मामानं विचारलं, तेव्हा मी देऊळघाटच्या आमच्या घराच्या ओसरीत बॅगेच्या अडकलेल्या चेनीशी झटत होते. मी मान वर न करता म्हटलं, "मामा, तिथं गेल्यावर ठरवते."

आत आईचं लाटणं थांबलं. बाबांनी माझ्या हातातून बॅग घेतली, चेनीला खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, ती नीट लावली आणि मला मोटरसायकलवर बसवून बुलढाण्याच्या स्टँडवर सोडलं. ते माझ्या बाजूनं आहेत असा अर्थ मी त्या दिवशी काढला. तो साफ चुकीचा होता. पंधरा दिवसांत ही रडत परत येणार, अशी त्यांची खात्री होती, हे मला पुढं आईकडून कळलं.

आमच्या घरी जनावर म्हटलं की दोनच जाती. एक गोठ्यातली आणि दुसरी पीक खाणारी. रोही म्हणजे नीलगायी आणि रानडुकरं ह्यांनी आमचा हरभरा इतक्या वेळा झोपवला होता की बाबांचा सगळा हिवाळा शेतात राखणीला जायचा. अशा घरातली मुलगी बुलढाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते इथपर्यंत ठीक होतं, कारण त्यातून मास्तरीण होता येतं. अमरावतीला जाऊन पुढचं शिकले, तेही चाललं. पण गीरच्या जंगलाबाहेर शेताशिवारात राहणाऱ्या सिंहांमागं फिरून नोंदी ठेवणारं माणूस एका अभ्यासाला हवं होतं आणि मी त्यासाठी अर्ज केला, हे मात्र घरात कुणालाच पचलं नाही. मुलाखतीत मोठ्या साहेबांनी विचारलं होतं, घरचे सोडतील का. मी म्हटलं, सोडायला मी बांधलेली कुठं आहे? ते हसले. मी हसले नव्हते.

पहिल्या दिवशीच माझी फजिती झाली. माझ्याबरोबर माग काढायला जे काका दिले होते ते साठीच्या घरातले, पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखणाऱ्या घरातले. डोक्याला पांढरं फडकं, हातात कुऱ्हाड लावलेली काठी. पहाटे एका बाभळीखाली उभं राहून ते हळूच म्हणाले, "बेन, सावज." मी इकडंतिकडं बघायला लागले. आपल्या मराठीत सावज म्हणजे शिकार, जिला कुणीतरी खाणार आहे ती. मला वाटलं हरीण असेल नाहीतर डुक्कर. मी दोन पावलं पुढं गेले. काकांनी मागून माझ्या ओढणीचं टोक धरलं. तीस पावलांवर गवतात एक सिंहीण बसली होती आणि माझ्याकडंच बघत होती. गुजरातीत सावज म्हणजे सिंह. ते मला त्या क्षणी कळलं आणि जन्मभर पुरेल इतकं नीट कळलं.

त्या दिवशी मी मागं सरले, पण पळाले नाही. काकांनी संध्याकाळी आपल्या घरी सांगितलं की ही बाई टिकेल.

काम दिसायला सोपं होतं. पहाटे निघायचं, माग काढायचा, सिंह सापडले की लांब बसून लिहायचं. कोण कोणाबरोबर आहे, काय मारलं, कोणी आधी खाल्लं, कुठून कुठं गेले. मिशांच्या वरच्या रांगेतले काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून ओळख ठेवायची. आमच्या वाट्याला आलेल्या कळपात तीन सिंहिणी होत्या, त्यांची लहान पिल्लं होती आणि दोन भाऊ होते. भाऊ तीन वर्षांचे होत आले होते. मानेवर आयाळ म्हणावी असं काही नव्हतं, नुसतं बारीक मिसरूड फुटावं तशी भुरकट लव. त्यातल्या एकाचा डावा कान फाटलेला होता. प्रकल्पाच्या वहीत त्यांना आकडे होते. मी आणि काका त्यांना कानफाट्या आणि त्याचा भाऊ असंच म्हणायचो.

त्यांना घराबाहेर काढलं तो दिवस मी पाहिला. सिंहिणींनी एका नाल्यात रोही पाडली होती. त्या भागावर हक्क असलेले दोन मोठे नर येऊन खायला बसले होते. कानफाट्या नेहमीसारखा आईच्या अंगाला अंग घासत पुढं आला. मोठा नर गुरगुरला, ते अपेक्षित होतं. पण मग आईनं वळून त्याच्या तोंडावर पंजा मारला. खेळातला नव्हता तो. नाकातून रक्त आलं. दोघं भाऊ दूर बांधावर जाऊन बसले आणि दुपारपर्यंत नुसते बघत राहिले. नंतर उठले आणि समुद्राच्या दिशेनं चालायला लागले. पुन्हा त्या कळपात आले नाहीत.

मी त्यांच्याच मागं जायचं ठरवलं. कळपाच्या नोंदी ठेवायला दुसरं माणूस होतं. घराबाहेर काढलेल्या जवान नरांचं पुढं काय होतं, ते कुठं राहतात, कोणाला भिऊन असतात, हे फार कोणी बघत नाही, कारण ते एका जागी थांबत नाहीत. मला थांबायचं नव्हतंच. त्यांना घरानं हाकललं होतं आणि मला माझं घर दावणीला बांधायला निघालं होतं. दोन्हींत फरक होता, पण त्या दिवसांत मला तो फरक फार मोठा वाटत नव्हता.

दिवाळीला मी घरी आले आणि तिसऱ्याच दिवशी खामगावहून पाहुणे आले. मला आधी सांगितलं नव्हतं. मुलगा शाळेवर होता, साधा वाटला. सगळा वेळ तो आपल्या हातातल्या बशीकडं बघत होता. त्याच्याबद्दल माझी आजही काही तक्रार नाही. बोलत होते ते त्याचे वडील आणि मावशी. वडिलांनी विचारलं की लग्नानंतर हे फिरणं बंद करणार ना. मी म्हटलं, नाही. त्यांना वाटलं मला प्रश्न नीट ऐकू आला नाही, म्हणून त्यांनी तो पुन्हा विचारला. मी पुन्हा नाही म्हटलं.

मग मावशी पुढं सरकली. "जंगलात बाईमाणूस एकटी रायते, मंग सोबत कोण असते?"

"एक साठीचे काका असतात," मी म्हटलं, "अन् दोन जवान भाऊ. रोज त्यांच्यासंगच असते मी."

पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. भाऊ म्हणजे सिंह, हे मी सांगितलं असतं तर कदाचित हसून प्रसंग निभावला असता. मी मुद्दाम सांगितलं नाही. तुमच्या डोक्यात जे आलं ते तुमचं, ते पुसायला मी फडकं घेऊन का यावं, असं मला त्या वेळी वाटलं. आजही वाटतं.

पाहुणे गेल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मामानं अंगणात उभं राहून जे बोलायचं ते बोलून घेतलं. बाबा शेतातून आले, हातपाय धुतले आणि मला म्हणाले, "मी येतो तुह्यासंग. कुठी रायते, काय करते, पाहून घेतो. अन् तुले घेऊनच येतो."

मी म्हटलं, "या. पण परतीचं तिकीट एकच काढा."

आम्ही मलकापूरहून गाडीनं निघालो. सुरतेपर्यंत बाबा खिडकीतून कपाशी बघत होते. कुणाची बोंडं किती फुटली, कुणाची लाल पडली, हे तेवढं अधूनमधून पुटपुटायचे.

पहिले दोन दिवस ते माझ्याबरोबर आलेच नाहीत. ज्या शेतकऱ्याच्या घरी मी खोली घेऊन राहत होते, त्याच्या अंगणात बसून राहिले. तो शेतकरीही कपाशीवालाच. बाबांची वऱ्हाडी, त्याची गुजराती आणि मध्ये दोघांची मोडकी हिंदी, असं त्यांचं चाललं होतं. दुसऱ्या संध्याकाळी मी परत आले तेव्हा बाबा जरा बिथरलेले दिसले. त्यांनी विचारलं, हा माणूस म्हणतो तो पिकाची राखण करतच नाही, खरं आहे का? मी म्हटलं, खरं आहे. शिवारात सावज असला की रोही आणि डुकरं तिकडं फारशी फिरकत नाहीत, म्हणून इथले बरेच शेतकरी सिंह आलेला बघून खूशच होतात. एखादी म्हैस गेली तर हळहळतात, पण सिंहाला हाकलत नाहीत. बाबा म्हणाले, "अन् आपण तिकडे थाळ्या वाजवून राह्यलो."

तिसऱ्या दिवशी ते पहाटे माझ्याआधी उठून तयार होते.

आम्हाला दोघं भाऊ एरंडीच्या शेताच्या बांधावर सापडले. एकावर एक माना टाकून पडलेले. उन्हाची पहिली तिरीप आली तशी कानफाट्यानं तोंड उघडून जांभई दिली आणि भावाच्या पोटावर पाय टाकला. त्यांच्या फासळ्या दिसत होत्या. आठ दिवसांत त्यांना धड शिकार मिळाली नव्हती, शिवाय मोठ्या नरांनी दोनदा पळवून लावलं होतं. मी बाबांना हे सगळं हळू आवाजात सांगितलं. बाबा उकिडवे बसून बघत होते.

"हे तं पोट्टेच आहेत व," ते म्हणाले.

काकांना शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला असावा. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी काकांचा फोन आला की कानफाट्या विहिरीत पडलाय. वाटेत काकांना घेऊन आम्ही मोटरसायकलवर तिघं बसून गेलो. नुकत्याच काढलेल्या भुईमुगाच्या शेतात जमिनीच्या बरोबरीनं असलेली विहीर होती. कठडा नाही, काठावर गुडघाभर गवत. रानडुकराच्या मागं धावताना त्याला ती दिसलीच नसणार. खाली पाण्यात तो पंपाच्या पाइपाला पुढचे दोन्ही पंजे घालून लटकला होता. डोकं तेवढं वर. त्याच्या तोंडातून आवाज येत होता, पण तो डरकाळीसारखा नव्हता. दमलेलं वासरू जसं हंबरतं तसा होता. आणि शेजारच्या कपाशीतून दुसरा भाऊ उत्तर देत होता. त्यामुळं त्या बाजूला जायची कुणाची छाती नव्हती.

वनखात्याच्या माणसांना कळवलं होतं. त्यांना यायला तास-सव्वा तास लागणार होता. बाबांनी काठावर पालथं पडून खाली पाहिलं. आमच्या भागात विहिरीत काय काय पडतं आणि किती वेळात दमतं, ह्याचा त्यांना चांगला अंदाज आहे. ते उठून म्हणाले, "तासभर नाही धरत हा. बाज सोडा खाली."

बाज हा शब्द तिथं कुणाला समजेना. बाबांनी इकडंतिकडं पाहिलं. शेतातल्या छपरीत दोऱ्यांनी विणलेली खाट होती. ते गेले आणि ती स्वतःच उचलून घेऊन आले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं. चार पायांना चार दोर बांधले. काका, बाबा, शेताचा मालक आणि त्याचा शेजारी असे चौघं चार बाजूंना उभे राहिले आणि खाट हळूहळू खाली सोडली. कानफाट्यानं आधी तिच्यावरच पंजे उगारले, विणीच्या दोन दोऱ्या तोडल्या. बाबा वरून त्याच्याशी बोलत होते, आमच्या बैलाशी बोलतात तसंच. ओरडून नाही. खाट त्याच्या पोटाखाली गेली आणि पाय टेकले तसा तो एकदम गप्प झाला. अर्धा पाण्यात, अर्धा बाजेवर, मान टाकून पडला.

तोवर गावच्या गाव जमा झालं होतं. शंभर-दीडशे माणसं असतील. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. पुढचे वाकून खाली बघायचे, मागचे त्यांना रेटायचे. काठाची माती सुटून खाली पडायला लागली. एक ढेकूळ कानफाट्याच्या पाठीवर आपटलं आणि तो पुन्हा उसळला. दोर धरलेल्यांचे हात खेचले गेले. शेजारचा माणूस घसरून काठापर्यंत गेला, त्याला बाबांनी पायानं अडवलं.

मी विहिरीकडं पाठ करून लोकांसमोर उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले. मागं व्हा म्हणून सांगितलं, गुजरातीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. कुणी हललं नाही. एक तिशीतला माणूस पुढं आला. फोन माझ्या चेहऱ्यासमोर धरून तो म्हणाला की तू कोण आम्हाला सांगणारी? गाव आमचं, सावज आमचा. तू परक्या मुलखातली बाई, आज आहेस, उद्या नाहीस.

मला राग आला की माझी मराठी बाहेर येते, आणि तीही देऊळघाटची. "तुमचा आहे नं?" मी म्हटलं. "मंग जगू द्या त्याले. मी इथून हलत नाही. मले ढकलाचं असन तर ढकला, मी त्याच्यावर जाऊन पडीन. मंग काढा फोटो."

त्याला शब्द न् शब्द कळला असं नाही. पण मी हलणार नाही, हे कळलं. माझे हात खाली आले नाहीत, एवढं मला आठवतं. मग दोर एका हाताला गुंडाळून काका उभ्या जागेवरून ओरडले. त्यांनी त्या माणसाच्या आजोबांचं नाव घेतलं आणि काय म्हणाले ते मला कळलं नाही, पण पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या बायका वळल्या आणि त्यांनीच मागच्यांना हाकलायला सुरुवात केली. दहा मिनिटांत सगळी माणसं पलीकडच्या बांधावर होती. फोनवालाही गेला.

वनखात्याची गाडी आली, त्यांनी पिंजरा सोडला आणि दुपारपर्यंत त्याला वर काढलं. पुढच्या पायाची कातडी सोलली होती, बाकी काही नाही. औषधपाणी करून चार दिवसांनी त्याला त्याच शिवारात सोडलं. दुसरा भाऊ ते चारही दिवस त्या कपाशीच्या आसपास राहिला. काहीही न खाता. संध्याकाळी उजेड असतानाच ते दोघं भेटले. कपाळाला कपाळ लावून इतका वेळ उभे राहिले की काकांची विडी ओढून संपली.

परतीच्या दिवशी बाबांना मी बसपर्यंत सोडायला गेले. त्यांच्या हाताला दोराचे वळ अजून होते. ते म्हणाले, "लोकं इचारतीन तं काय सांगू?"

"सांगा की तिनं नाही म्हटलं."

त्यांनी थोडा विचार केला. "हाव. तेच सांगतो." आणि बसमध्ये चढले. पाठीवर हात नाही, शाबासकी नाही, आशीर्वादाचं काही नाही. मला काय मिळालं ते मी तेव्हा मोजलं नाही, पण त्या दिवसापासून घरी स्थळाचा फोन आला की बाबा तो आईकडं देत नसत, परस्पर कट करत.

महिन्याभरानं आईनं फोनवर सांगितलं की त्यांनी आपल्या विहिरीला कठडा बांधायला घेतलाय, आणि मामा हसतोय की सिंह येऊन राह्यला काय देऊळघाटले. बाबांनी त्याला उत्तर दिलं होतं की डुकरं पडतात, रोही पडते, उद्या माणूस पडन. गावातल्या आणखी दोघांनी त्यानंतर आपापल्या विहिरी बांधून घेतल्या.

इथं संपवलं तर गोष्ट छान वाटेल. पण पुढचं सांगितलं नाही तर तो खोटेपणा होईल.

दीड वर्षानं दोघं भाऊ भरले. माना जाड झाल्या, आयाळ आली. समुद्राकडच्या भागात दोन सिंहिणी आणि त्यांची चार पिल्लं होती, आणि त्यांच्यावर एक म्हातारा नर होता, एकटाच. भावांनी त्याला एका सकाळी गाठलं. मारामारी फार वेळ चालली नाही. तो लंगडत निघून गेला आणि आठवड्यानं एका ओढ्यात मेलेला सापडला. मग भाऊ पिल्लांकडं वळले.

हे होतं, हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं. दुसऱ्या नराची पिल्लं असली की सिंहीण माजावर येत नाही, म्हणून नवीन नर ती मारतात. पण कानफाट्याच्या तोंडात ते पिल्लू मी बघितलं तेव्हा त्या लिहिलेल्यातलं काही कामाला आलं नाही. तीन पिल्लं मेली. मी सगळं लिहिलं, वेळेसकट. माझं अक्षर त्या पानावर माझं वाटत नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला आणि सांगितलं. ते म्हणाले, "मंग आपण चुकलो काय, त्याले काढून?"

"नाही," मी म्हटलं. "आपण सिंह काढला. तो सिंहच निघाला."

मी हे ठामपणे म्हटलं, पण त्या दिवशी मला ते पटलेलं नव्हतं. पटायला दिवस लागले. आपण ज्याला वाचवतो त्यानं आयुष्यभर आपल्या मनासारखं वागावं, ही अपेक्षा माझ्याकडूनही कितीजणांनी ठेवली होती आणि मला तिचा किती राग यायचा, हे हळूहळू लक्षात आलं.

चौथं पिल्लू वाचलं होतं. दोन सिंहिणींतली धाकटी, उजव्या डोळ्याखाली पांढरा वण असलेली, त्या सकाळी दोघा नरांच्या पुढं उभी राहिली होती. तिच्या खांद्याचं मांस फाटलं. तरी ती मागं हटली नाही. कान सपाट करून, पोट जमिनीला टेकवून ती त्यांच्यावर पुन्हा पुन्हा येत राहिली. पिल्लू तिच्या मागं करवंदीच्या जाळीत होतं. दुपारी दोघं भाऊ सावलीला गेले तेव्हा ती उठली, पिल्लाला पुढं घातलं आणि मोठा डांबरी रस्ता ओलांडून पलीकडं गेली. तिकडं कुठल्याच कळपाचा मुलूख नव्हता. नुसती मिठागरं, वेडी बाभूळ आणि चार वाड्या.

मी साहेबांना कळवलं की आता मला तिच्या मागं जायचंय. ते म्हणाले की आपला विषय नर आहेत, आणि एकटी जखमी सिंहीण चार महिने जगणार नाही, तिच्यात नोंदण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, चार महिने द्या. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, मग आठवड्याची सुट्टी माझी आहे, ती मी तिकडं घालवीन, आणि नरांच्या नोंदींत एक दिवस चुकला तर मला काढा. काका शेजारीच बसले होते. त्यांनी न विचारता सांगितलं की सुट्टीच्या दिवशी तेही मोकळेच असतात.

चार महिन्यांनी ती जिवंत होती. मग साहेबांनी ती रीतसर आमच्या कामात घातली. खांदा वाकडा बरा झाला, त्यामुळं तिला मोठी रोही झेपत नव्हती. ती डुकरांवर आणि मिठागरातल्या भटक्या गुरांवर जगली. एकदा तिच्या पिल्लानं घोरपड धरायला जाऊन नाकावर ओरखडा घेतला, एकदा आम्ही सबंध नऊ दिवस दोघींना हरवून बसलो. दोघी, कारण पिल्लू मादी होतं. आता ती अडीच वर्षांची झाली आहे आणि आईपेक्षा जोरात धावते. मागच्या महिन्यात तिनं एकटीनं पहिलं मोठं डुक्कर पाडलं. आई बाजूला बसून होती आणि खायला मात्र आधी आई गेली.

हे मी देऊळघाटला बसून लिहिते आहे. कामातून वीस दिवसांची सुट्टी मिळाली आहे. परवा मामा आला होता. वरवट बकालकडं एक चांगलं स्थळ आहे, घरचे मोकळ्या विचाराचे आहेत, असं सांगत होता. मी म्हटलं, असतील, पण मी तिकडं जाणार नाही, त्यांनाच मिठागरात यायला सांगा, पहाटे पाचला निघावं लागतं. तो चिडून उठला. आईनं त्याला चहा दिला आणि बसवलं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं की त्या पोरीनं मारलेलं डुक्कर केवढं होतं. मी दोन्ही हातांनी दाखवलं. मामानं बशीत चहा ओतून घेतला आणि म्हणाला की एवढं मोठं नसतंच. मग आमचा डुकराच्या मापावरून वाद सुरू झाला, आणि तो जेवणापर्यंत चालला.